छाती भरीव वाजते

टकटकचा दिवस सव्वापाचला सुरू होई. गजर नव्हता. अठ्ठावीस वर्षं फरशी बसवणाऱ्याला गजर लागत नाही, गुडघे उठवतात. तो आधी पलंगाच्या कडेला बसायचा, मग भिंतीला हात लावून उभा राहायचा. मधली पायरी गाळली तर गुडघे दिवसभर त्याची आठवण करून देत.

बरोबर सहाला गोळ्या. पाच मिनिटं इकडे नाही की तिकडे नाही. बायको शिलाईच्या कारखान्यात जायला निघालेली असे, पण गोळ्या घशाखाली गेल्याशिवाय ती चप्पल घालत नसे.

"तोंड उघडा."

"अगं, गिळल्या."

"उघडा म्हणते ना. वस्तू माझी आहे."

वस्तू म्हणजे किडनी. दोन वर्षांपूर्वी टकटकच्या दोन्ही किडन्यांनी काम टाकलं, तेव्हा बायकोने आपली डावी काढून दिली. देताना ती एक शब्द बोलली नाही. दिल्यावर मात्र बोलायची थांबली नाही. तो मीठ जास्त घ्यायला लागला की, "माझ्या किडनीला चालत नाही ते." तो पाणी कमी प्यायला की, "स्वतःची दोन घालवलीत, आता माझी तरी जपून वापरा." टकटक ऐकून घेई. भाड्याच्या वस्तूवर मालकाचा हक्क असतो, आणि ही तर भाड्याचीही नव्हती.

ऑपरेशनच्या वेळी मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं होतं, कांजिण्या येऊन गेल्यात का? त्याने खरं सांगितलं, नाही. किडनी बसवायची घाई होती, लस टोचून वाट बघायला वेळ नव्हता, आणि बसवल्यावर ही लस त्याला चालणारी नव्हती. नवी किडनी शरीराने परकी म्हणून हाकलू नये म्हणून गोळ्या असतात. त्या गोळ्यांनी शरीराचा पहारेकरीच झोपवून ठेवलेला असतो. त्याला एक कार्ड मिळालं. त्यावर लिहिलं होतं: कांजिण्या झालेल्या माणसापासून लांब राहा.

टकटकने हे काम अंगावर घेतलं आणि फरशीच्या कामासारखंच केलं, कुठेही फट न ठेवता. कांजिण्या म्हणजे पोरं, असं त्याने धरलं. शाळेची गाडी सातला यायची म्हणून तो पावणेसातलाच बाहेर पडे. जिन्यात पोर दिसलं की भिंतीला चिकटे. शेजारच्या चार वर्षांच्या मुलीने एकदा त्याला अर्धं बिस्कीट देऊ केलं, तर तो तीन पायऱ्या मागे गेला. त्या दिवसापासून चाळीस इंच छातीचा माणूस दिसला की बिल्डिंगमधली पोरं मुद्दाम त्याच्या मागे धावत. सख्ख्या बहिणीच्या नातवालाही त्याने काचेआडून पाहिलं. बहीण महिनाभर बोलली नाही.

दोन वर्षं अशी काढली. आणि कांजिण्या त्याला दिल्या एकाहत्तर वर्षांच्या माणसाने.

त्याचं असं झालं. एका जुन्या घराची फरशी बदलायचं काम आलं. दुसरा मजला, एक हॉल, दोन खोल्या, वीस-बावीस दिवसांचं काम. घरमालक एकटाच राहायचा. न्हाणीघर त्याने आधीच दुसऱ्याला दिलं होतं, आणि तो दुसरा म्हणजे पोकळ्या.

पोकळ्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे. फरशीखाली सिमेंट-वाळूचा माल पूर्ण पसरायचा असतो. पोकळ्या चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच गोळे टाकायचा आणि वर फरशी दाबायचा. काम झटपट, दिसायला सरळ. वर्षभराने खुर्चीचा पाय जिथे पडे तिथे फरशी तडके. टकटक याच्या उलट. करणीने माल पसरून, दोरीला लावून, पातळी बघायला पाणसळ ठेवून, रबरी हातोडीने बसवून झाल्यावर तो प्रत्येक फरशी बोटाच्या सांध्याने वाजवायचा. पाच ठिकाणी. भरीव आवाज आला तर पुढची. पोकळ आवाज आला तर उखड, माल खरवड, पुन्हा बसव. यावरून त्याचं नाव पडलं. दिवसाला बारा फरश्या त्याच्या, तीस पोकळ्याच्या. मजुरीही त्याच हिशेबाने.

"अरे, तू एक वाजवतोस तोवर माझी खोली होते," पोकळ्या न्हाणीघरातून ओरडायचा.

"होते ना. उंदरांची. खाली संसार मांडतील ते."

"मांडू दे. भाडं घेईन."

वीस वर्षं हे दोघे एकमेकांच्या कामावर थुंकत आले होते. एका कपातला चहा कधी घेतला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात घरमालक उघड्या अंगाने खुर्चीत बसलेला दिसला. पाठीच्या एका बाजूला लाल पट्टा, त्यावर पाण्याने भरलेल्या फोडांचे घोस. नागीण. कपडा लागला तरी कळ जात होती.

"मलम आणलंय," तो म्हणाला, "पण हात पोचत नाही. आरशात बघून लावायला गेलो, तर भिंतीला लावलं."

टकटक लोकांची कामं सहसा करत नसे. त्याचं म्हणणं, ज्याचं त्याने करावं. पण म्हातारा माणूस, घरात कुणी नाही. त्याने कार्ड आठवलं. कार्डावर नागिणीचं नाव नव्हतं. आणि समोर पोर नव्हतं. त्याने हात धुतले, मलम लावलं, पुन्हा कोपरापर्यंत साबणाने हात धुतले. असं चार दिवस.

"पुण्य लागेल तुम्हाला," घरमालक म्हणाला.

लागलं ते दुसरंच. पंधरा दिवसांनी पोटावर पुरळ उठला.

फरशीवाल्याच्या अंगावर पुरळ उठला तर त्याचं एकच कारण असतं, सिमेंट. ओला माल कातडीला खातो, हे कारागिराला शिकवावं लागत नाही. टकटकने खोबरेल तेल चोळलं आणि बनियन घातली. दुसऱ्या दिवशी पुरळ छातीवर, पाठीवर. अंगात कणकण. त्याला वाटलं, दमलो. तिसऱ्या दिवशी खोकला. त्याला वाटलं, धूळ. फरशी कापायच्या मशीनची. एकेका गोष्टीला त्याच्याकडे पक्कं कारण होतं. सगळी कारणं कामातली होती, म्हणून त्याला ती खरीच वाटली.

बायकोपासून मात्र त्याने बनियनच्या आतलं लपवलं. पण जिना लपवता आला नाही.

"दोनदा थांबलात," वर आल्यावर ती म्हणाली.

"गुडघा."

"गुडघ्याला धाप लागते का? उद्या सकाळी कामावर जायच्या आधी हॉस्पिटलात. नाही गेलात तर मी शिफ्ट सोडून येईन आणि कान धरून नेईन. वस्तू माझी आहे."

तिची एका दिवसाची मजुरी बुडेल म्हणून तो गेला. जवळच्या सरकारी हॉस्पिटलातली डॉक्टरीणबाई तरुण होती, पण घाईतली नव्हती. तिने त्याला शर्ट वर करायला सांगितला, नळी लावून ऐकलं. मग डाव्या हाताचं मधलं बोट पाठीवर आडवं ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकलं.

टकटकने मान ताठ केली. हे काम त्याच्या ओळखीचं होतं.

तिचा हात चांगला होता. मनगट सैल, ठोका नेमका, एका जागी दोनच. वरच्या बाजूला आवाज पोकळ आला आणि टकटकच्या मनात आलं, हे उखडावं लागणार. अजून एक, तोही पोकळ. ती खाली सरकली. इथे आवाज बदलला. बसका, घट्ट. अगदी खाली तर पक्का भरीव, दोन्ही बाजूंना. टकटकने सुस्कारा सोडला, आणि त्या सुस्काऱ्याने त्याला खोकल्याची उबळ आली. वर थोडा बिघाड दिसतो, त्याने ठरवलं. पण खालचं काम मजबूत आहे.

"हे फोड कधीपासून?" तिने विचारलं.

"सिमेंटचे आहेत."

"गोळ्या कसल्या घेता?"

त्याने कार्ड काढून दिलं. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि खुर्ची मागे सारून उठली.

"इथेच बसा. हलू नका. मी वॉर्डात बोलून येते."

ती गेली. टकटकने शर्टाची बटणं लावली. हॉलमधल्या फरशीच्या चार ओळी राहिल्या होत्या. घरमालकाचं सामान दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये यायचं होतं. वॉर्ड म्हणजे बायकोला कळणार, आणि बायको म्हणजे जन्मभराचं ऐकणं. आणि डॉक्टरांचं काय, त्यांना वॉर्डच दिसतो. त्याने आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला होता. अठ्ठावीस वर्षांचा कान. कार्ड टेबलावरून उचललं आणि तो मागच्या दाराने बाहेर पडला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

तिथून कामावर पोचायला दहा मिनिटांची वाट, त्याला पस्तीस लागली.

"काय म्हणाले डॉक्टर?" न्हाणीघरातून पोकळ्याने विचारलं.

"छाती भरीव वाजते."

"वाजणारच. कारागीर कोण."

त्या दिवशी टकटकने तीन फरश्या बसवल्या. पहिली नेहमीच्या वेळात. दुसरी बसवताना तो दोनदा हातांवर टेकला. तिसरी उचलली ती छातीपर्यंत आली, पण छातीने ती घेतली नाही. त्याने ती पुन्हा ठेवली, वाट पाहिली, पुन्हा उचलली, बसवली. ती वाजवायला बोट वाकेना. साडेअकराला न्हाणीघरातल्या पोकळ्याच्या लक्षात आलं की अर्धा तास झाला, हॉलमधून आवाज नाही. वीस वर्षांत त्या आवाजाने त्याचं डोकं उठलं होतं. आज तो नाही म्हणून तो उठला.

टकटक चार पायांवर होता. ओठ निळसर, खांदे प्रत्येक श्वासाला वर जात होते. शर्टाचं वरचं बटण सुटलं होतं आणि मानेवर फोडच फोड.

"हे सिमेंट आहे?" पोकळ्या म्हणाला. "मी तीस वर्षं सिमेंटात लोळतोय, मला कसं नाही?"

"चार... ओळी..."

"ओळी गेल्या खड्ड्यात. चल."

लिफ्ट नव्हती. टकटक चौऱ्याहत्तर किलोंचा, पोकळ्या साठचा. दोन मजले, छत्तीस पायऱ्या. पोकळ्याने त्याला पाठीवर घेतलं, जशी सिमेंटची गोणी घेतात तसं, फक्त गोणी खोकत नाही. आठ पायऱ्यांनंतर तो थांबला. बाराव्या पायरीला त्याच्या पोटरीत पेटका आला. त्याने पाय भिंतीला दाबला, पेटका सोडवला, पुढे गेला. खाली फरश्या वाहायची ढकलगाडी उभी होती. तिच्यात टकटकला बसवून त्याने दोन गल्ल्या आणि एक चढ ढकलला. ढकलणं म्हणजे सोपं वाटतं. चढावर भरली गाडी ढकललेल्यालाच ते विचारावं. कष्ट कमी करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने एका तासात सहा महिन्यांचे कष्ट केले.

हॉस्पिटलच्या दारात तीच डॉक्टरीणबाई भेटली.

"तुम्हीच ना सकाळी पळालात?"

टकटकला बोलता येत नव्हतं. पोकळ्या बोलला, "बाई, त्याची छाती भरीव वाजली म्हणे."

"वाजली," ती म्हणाली. "म्हणूनच तर मी वॉर्डात धावले. छाती पोकळ वाजायला हवी. आत हवा असते. भरीव वाजली म्हणजे हवेच्या जागी भलतंच भरलंय."

नाकावर मास्क चढत असताना टकटकच्या कानावर हे पडलं. त्याने डोळे मिटले. पोकळ्या हसला नाही. हसायची इतकी चांगली संधी त्याला पुन्हा मिळणार नव्हती, तरी नाही.

एक्सरे आला. दोन्ही फुप्फुसांवर वरपासून खालपर्यंत पांढरे ठिपके, जणू कुणी माल पसरायचा कंटाळा करून नुसते गोळे टाकत गेलंय. पोकळ्याने तो पाहिला आणि कुणाचं काम आठवतंय ते मनातच ठेवलं.

बायको कारखान्यातून तशीच आली, गळ्यात मापाची टेप. डॉक्टरीणबाईने तिला बाकावर बसवून सगळं सांगितलं. कांजिण्याच आहेत, पण फुप्फुसात उतरल्यात. निरोगी माणसात शरीर झुंजतं, यांचं शरीर गोळ्यांनी बांधून ठेवलंय. औषध सलाईनमधून दर आठ तासांनी.

"पण यांना पोरांजवळ तर फिरकू दिलं नाही मी," बायको म्हणाली. "आले कुठून?"

नागिणीचं पोकळ्याने सांगितलं. डॉक्टरीणबाईने मान हलवली. "दोन्ही एकच. कांजिण्या बऱ्या होतात, पण जंतू जात नाहीत, नसांत झोपून राहतात. म्हातारपणी जागे झाले की नागीण. त्या फोडांतलं पाणी लागलं, की ज्याला कांजिण्या कधी आल्या नाहीत त्याला कांजिण्या."

"म्हणजे पोरांना घाबरून म्हाताऱ्याला मलम लावलं," बायको म्हणाली. "आयुष्यात एकदा दुसऱ्याचं काम केलं माणसाने."

"अजून एक आहे." डॉक्टरीणबाईने आवाज खाली आणला. "तुमच्या किडनीच्या डॉक्टरांशी बोलले. शरीराला लढू द्यायचं तर त्या गोळ्या कमी कराव्या लागतील, त्यातली एक तर बंदच. मग शरीर किडनीवरही उठू शकतं. आणि हे नवं औषधही किडनीला जड जातं. तुमची किडनी जाऊ शकते."

बायकोने टेप गळ्यातून काढून गुंडाळली. मोजून, कडेला कड लावून.

"माणूस ठेवा," ती म्हणाली. "किडनीचं काय, एक माझ्याकडे आहे अजून."

पहिले तीन दिवस कुणालाच काही सांगता येत नव्हतं. ऑक्सिजनचा आकडा वर जाई, खाली येई. टकटक उताणा झोपून श्वास घेण्याचं काम करत होता. आजवर त्याने हे काम कधी मोजलं नव्हतं. मिनिटाला छत्तीस. एकही चुकवून चालत नव्हता, एकही उखडून पुन्हा बसवता येत नव्हता. बायको उशाशी बसून लघवीची पिशवी बघे. पिशवी भरली की नर्सला सांगे, "माझी चालू आहे." नवरा कसा आहे ते ती शेवटी विचारायची.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईने सगळ्यांना विचारलं होतं, कांजिण्या कुणाला आल्यात? बायकोला लहानपणी आल्या होत्या. घरमालकाला आल्या होत्याच, त्याशिवाय नागीण कुठून. पोकळ्याने कानामागे खाजवलं.

"आईने कधी सांगितलं नाही."

"तुम्ही यांना पाठीवर आणलंत. तोंडाजवळ तोंड. मोठ्या माणसाला या कांजिण्या वाईट येतात. तीन दिवसांच्या आत लस घ्या, पाच तर हद्द झाली. आमच्याकडे नाही, बाहेरून विकत आणावी लागेल. दोन डोस."

"सुई?" पोकळ्या म्हणाला. "त्यापेक्षा ठिपके बरे."

"एक्सरे पाहिलात ना?"

पोकळ्याने रिकामा खिसा चाचपला. मग म्हणाला, बघू, न्हाणीघराचे पैसे आल्यावर. न्हाणीघराचे पैसे तो आधीच उचलून बसला होता, हे टकटकच्या बायकोला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी घरमालक आला. शर्ट घातलेला, मान खाली. त्याने पाकीट बायकोच्या हातात दिलं. टकटकची राहिलेली सगळी मजुरी, न बसवलेल्या चार ओळींसकट.

"त्या ओळी त्याने केल्यात," त्याने पोकळ्याकडे बोट केलं. "त्याने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, नाव दुसऱ्याचं आहे."

टकटकच्या भुवया वर गेल्या. मास्कच्या आतून त्याने काहीतरी विचारलं.

"पूर्ण माल पसरलाय," पोकळ्या म्हणाला. "चार ओळींना दोन दिवस गेले. असं काम करून तू जगलास कसा, हेच मला कळत नाही."

टकटकने हाताने लिहायची खूण केली. बायकोने कागद-पेन दिलं. त्या पैशांचं काय करायचं ते त्याचं केव्हाच ठरलं होतं; बायकोसाठी मोटरचं शिलाई मशीन घ्यायचं होतं, घरातल्या पायाने चालवायच्या मशीनच्या जागी. ती डाव्या कुशीला हात लावून मशीनवर बसते, हे तो दोन वर्षं बघत होता आणि बोलत नव्हता. कागदावर त्याने ते लिहिलं नाही. लिहिलं ते एवढंच: पोकळ्याला सुई. आज.

बायकोने वाचलं, पाकीट घेतलं आणि पोकळ्याचं मनगट धरलं.

"चला भाऊजी."

"वहिनी, उद्या जाऊ ना."

"आज लिहिलंय."

चौथ्या दिवशी श्वास तिसावर आला. सातव्या दिवशी मास्क निघाला. अकराव्या दिवशी फोडांच्या खपल्या पडल्या, आणि किडनीने दोन दिवस तोंड वाकडं केलं होतं ते सरळ केलं. मजुरीतलं बरंचसं रक्ताच्या तपासण्यांत आणि बाहेरून आणलेल्या औषधांत विरून गेलं. शिलाई मशीनचा विषय टकटकने काढला नाही, बायकोला तो माहीतच नव्हता. डॉक्टरीणबाईने सोडताना दोन महिने फरशीचं काम बंद सांगितलं, आणि जिना चढताना थांबलात तर लाजू नका, असंही.

सहा आठवड्यांनी दुसऱ्या डोसची तारीख आली. टकटक पोकळ्याच्या घरी गेला. दोन जिने, तीनदा थांबून.

"एक टोचलीय की," पोकळ्या दारातच म्हणाला. "अंगावर एक ठिपका नाही. कशाला पुन्हा?"

"अर्धं काम करून मी कधी उठलो नाही. पैसे माझे आहेत. चल."

पोकळ्या गेला, शिव्या देत. दवाखान्यात बाह्या वर करताना त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. टकटकने पाकिटात उरलेल्या नोटा काढून खिडकीत दिल्या. बावीस दिवस गुडघ्यांवर बसून, फरशी फरशी वाजवून मिळवलेल्या मजुरीतलं जे उरलं होतं, ते सगळं त्यात गेलं. पहिली सुई डाव्या दंडात गेली होती. ही उजव्या.